२४, २८ की ३५? आधी पाठीमागची भिंत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॅमेरा कॅनन २००डी, सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, आणि नंतर हौसेनं घेतलेली ५० एमएम एफ १.८. पन्नासनं काढलेले पोर्ट्रेट आवडले म्हणून बहिणीच्या हळदीला तीच लावली, आणि घरात प्रत्येक फोटोत कोणाचं ना कोणाचं डोकं कापलं गेलं. आता एक बेताची वाइड प्राईम (जास्त रुंद दाखवणारी, झूम न होणारी लेन्स) घ्यायची आहे. घरचे कार्यक्रम, नागपुरातल्या इतवारी-महालातल्या गल्ल्या आणि यंदाची मारबतीची मिरवणूक, एवढं तिनं झेपावं. यूट्यूबवाले ३५ घ्या म्हणतात, मित्र २८ म्हणतो, बर्डीच्या बाजारातल्या दुकानदारानं २४ हातात ठेवली. तिघांपैकी खरं कोण?

भाऊ, तिघंही खरंच बोलत आहेत, फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळे कॅमेरे आहेत. यूट्यूबवर ‘३५ म्हणजे बेस्ट’ सांगणाऱ्या बहुतेकांच्या हातात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी असते. तुमचा २००डी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा आहे. त्याचा सेन्सर जेमतेम २२.३ एमएम रुंद, फुल फ्रेमचा ३६. त्यामुळे लेन्सवरच्या आकड्याला १.६ नं गुणायचं, तेव्हा कुठं फुल फ्रेमवाल्याला काय दिसतं ते कळतं. तुमच्या ५० चे झाले ८०. हळदीत तुम्ही अक्षरशः टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊन उभे होते. ३५ चे होतात ५६, म्हणजे ती तुमच्या कॅमेऱ्यावर वाइड राहतच नाही. २८ चे जवळपास ४५, आणि २४ चे ३८. यूट्यूबवाला ज्या ३५ बद्दल भरभरून बोलतो, ती तुमच्या कॅमेऱ्यावर २४ नावानं मिळते. दुकानदार गल्ल्यावर बसून आकडेमोड करत नसेल, पण गिऱ्हाइकाची बॉडी पाहून लेन्स काढण्याचा हात त्याला आहे.

उत्तर इथंच संपवता आलं असतं. पण गेली वीस-बावीस वर्षं लग्नं, बारशी, मिरवणुका करताना मला जे कळलं ते वेगळं आहे. आकडा बरोबर निवडूनही लोक लेन्स सहा महिन्यांत विकतात. कारण आपण माणसांपासून किती अंतरावर उभे राहतो, हे त्यांनी कधी मोजलेलंच नसतं. तुमचा अडचणीचा मुद्दाही तोच दिसतो. घरात मागं सरकायला जागा नाही आणि मारबतीत मागं सरकू देत नाहीत.

म्हणून मी फुटांत विचार करतो. एमएम डोक्यात राहत नाहीत, फूट राहतात. तुमच्या कॅमेऱ्यावर, कॅमेरा आडवा धरून, दहा फुटांवरच्या माणसांकडे बघा. १८ वर साधारण साडेबारा फूट रुंदी मावते. २४ वर सव्वानऊ फूट, २८ वर आठ, ३५ वर साडेसहाच्या थोडं आत, आणि ५० वर फक्त साडेचार. खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस दीड फूट जागा खातो. म्हणजे दहा फुटांवरून ५० नं तीन माणसं, तीही कडेच्यांचे दंड कापून. बहिणीच्या हळदीत काय झालं ते आलं ना लक्षात? ह्यातली २४ ची गंमत अशी की जेवढे फूट दूर, जवळपास तेवढेच फूट रुंद. पाच फुटांवर पावणेपाच, बारा फुटांवर अकराच्या वर. एकदा हे अंगात भिनलं की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच आपण बरोबर जागी जाऊन उभे राहतो.

आता आपल्याकडची नेहमीची खोली घ्या, दहा बाय बारा. बारा फुटांच्या बाजूनं काढायचं ठरवलं तरी बाराचे बारा कधी मिळत नाहीत. समोरच्या भिंतीपाशी पाटावर नवरी बसली, तिच्या मागं करवल्या उभ्या, तिथं दोन फूट गेले. इकडं तुमची पाठ, कॅमेरा, कपाटाचा कोपरा, त्यात एक गेला. उरले नऊ. नऊ फुटांवर २४ नं साधारण आठ फूट चार इंच मिळतात, २८ नं सात फूट दोन इंच, ३५ नं पावणेसहाच्याही आत. २४ आणि २८ मधला फरक म्हणजे सव्वा फूट. कागदावर किरकोळ वाटतो, पण तो सव्वा फूट म्हणजे फ्रेमच्या कडेला उभी राहिलेली एक मावशी असते. आणि लग्नाच्या अल्बममध्ये मावशी राहिली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

मावशीवरून आठवलं, तर इथं जरा थांबतो, कारण वाइडची सगळ्यात मोठी फसगत ह्याच जागी होते.

महालातल्या एका जुन्या वाड्यात हळद होती. मे महिना. खिडकीत कूलर घरघरतोय, त्याच्यासमोरची जागा कोणी सोडायला तयार नाही, त्यामुळे सगळी माणसं खोलीच्या एका अंगाला गोळा झालेली. मी लोखंडी कपाटाला पाठ लावून उभा. तेव्हा माझ्याकडे फुल फ्रेम बॉडी नवीनच आली होती आणि तिच्यावर २४. सगळे मावले म्हणून मी खूश. फोटो दिले तेव्हा नवऱ्या मुलीच्या मावशीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. “काहून रे बाबू, मी इतकी जाडी दिसतो काय?” दिसत होत्या खऱ्या. त्या फ्रेमच्या अगदी डाव्या कडेला होत्या आणि त्यांचा दंड, गाल, सगळं बाहेरच्या बाजूला ताणलं गेलं होतं. मधोमध बसलेली नवरी मात्र जशी होती तशीच.

हा लेन्सचा बिघाड नाही, आणि महागडी लेन्स घेतली म्हणून जात नाही. गोल वस्तूचं चित्र सपाट सेन्सरवर पाडायचं, भिंती-खांब सरळ ठेवायचे, तर कडेच्या गोष्टी ताणल्या जाणारच. लेन्स जितकी वाइड, तितकी कडेची ओढ जास्त. फुल फ्रेमवरच्या २४ ला, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यावर किट लेन्सच्या १५ ला (जी तिच्यात नाही), ही ओढ चांगलीच जाणवते. तुमच्या १८ वर थोडी कमी. २४ वर कडेला चेहरा आला तरी सहसा कोणी तक्रार करत नाही. माणसांचे फोटो काढणाऱ्याला मी ‘बेताची वाइड’ सुचवतो ते ह्यासाठी. मावशीच्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली: वाइडवर ग्रुप घेताना कडेला लेकरं, सडपातळ पोट्टे, नाहीतर दाराची चौकट. अंगानं भरलेली माणसं मधोमध. कारण कोणाला सांगायचं नाही, हात धरून प्रेमानं मध्ये आणायचं.

दुसरी गोष्ट नाकाची. ‘वाइडनं नाक मोठं येतं’ असं सर्रास म्हणतात. नाक मोठं येतं ते जवळ गेल्यामुळे. दीड-दोन फुटांवरून चेहरा काढलात तर नाक आणि कान यांच्या अंतरात इतका फरक पडतो की नाक पुढं येतंच, लेन्स कुठलीही असो. वाइड लेन्स फक्त तेवढं जवळ जायची बुद्धी देते. २४ लावली आणि चार-पाच फूट राखून राहिलात तर चेहरे नीट येतात. एकट्या माणसाचा चेहरा हवा असेल तेव्हा तुमची ५० आहेच. ती विकू नका. नव्या लेन्ससाठी जुनी विकणारे बरेच पाहिले. पुढच्या दिवाळीत तीच परत घेतात.

मग २८ चं काय? तुमचा मित्र चुकीचा नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर २८ म्हणजे फुल फ्रेमची ४५. डोळ्याला सवयीची, शांत नजर. रस्त्यावर एकेका माणसाकडे बघायचा स्वभाव असेल, तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा असलेला एकच चेहरा आणि त्याच्या मागं थोडा धूर एवढंच हवं असेल, तर मला स्वतःला २८ जास्त आवडते. फ्रेममध्ये फाफटपसारा कमी येतो. वाइडचा शापच हा की ती सगळं घेते: विजेच्या तारा, कचऱ्याचा डबा, बाजूनं जाणाऱ्या ॲक्टिव्हाचा आरसा. नवीन माणसाचे वाइडचे फोटो रिकामे आणि तरी गर्दीचे वाटतात ते ह्याच कारणानं. पण तुमची पहिली गरज घर आहे. आणि घरात भिंत मागं सरकत नाही.

मोकळ्या जागेत हा वादच उरत नाही, हेही लक्षात असू द्या. फुटाळ्याच्या काठावर, कस्तुरचंद पार्कात, दीक्षाभूमीच्या आवारात तुम्ही चार पावलं मागं-पुढं जाऊ शकता. तिथं २४ असो की ३५, पाय बाकीचं काम करतात. स्तूपाचा घुमट आणि समोर कुटुंब असा फोटो काढताना मात्र थोडं डोकं लावावं लागतं. कुटुंबाला घुमटाच्या पायथ्याशी नेलंत तर माणसं मुंगीएवढी होतात. त्यांना तिथून बरंच अलीकडं आणा, स्वतः आठ-दहा फुटांवर थांबा, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरा. वर तिरका केला की घुमट मागं कलंडल्यासारखा दिसतो. असा फोटो २४ नंही जमतो आणि ३५ नंही.

आता मारबत. बाहेरगावचे वाचक असतील त्यांच्यासाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत त्या-त्या वर्षाच्या राजकारणावर, महागाईवर टोमणे मारणारे बडगे. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ हा गजर, ढोल, आणि जुन्या वस्तीतल्या त्या रस्त्यांवर मावणार नाही एवढी माणसं. तिथं तुमच्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये पाच फूट मिळाले तरी नशीब. पाच फुटांवर ५० नं सव्वादोन फुटांची पट्टी मिळते, म्हणजे एक चेहरा आणि कोणाचा तरी कान. २४ नं पावणेपाच फूट. ढोल वाजवणारा कमरेपर्यंत, त्याचा ढोल, आणि खांद्यामागून डोकावणारी मारबत, तिन्ही येतात. कॅमेरा उभा धरलात तर उंचीही तेवढीच मिळते.

मारबतीत ऑटोफोकसच्या नादी कमी लागा. मधूनच कोणाचा तरी हात, झेंडा, मोबाइल आडवा येतो आणि कॅमेरा त्याच्यावर जाऊन बसतो. दिवसाउजेडी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, ८ वर ठेवा (आकडा लहान तितकं भोक मोठं). आठ फुटांवरच्या कुठल्याही गोष्टीवर फोकस घ्या, मग लेन्सवरची कळ एमएफवर, म्हणजे हातानं फोकस करायच्या बाजूला सरकवा. आता साधारण पाच फुटांपासून वीस फुटांपर्यंत सगळं कामचलाऊ स्पष्ट येतं. हे २४ वर. ५० वर असा खेळ करायला गेलात तर ती पट्टी इतकी अरुंद होते की निम्मे फोटो बाद. कॅमेरा बंद करून सुरू केलात किंवा बॅटरी बदललीत की फोकस एकदा परत घ्या, कारण कॅननच्या ह्या छोट्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले नसतात, नुसतं बघून कळत नाही. शटर पाचशेच्या (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग) खाली येऊ देऊ नका. ढोलाची काठी हललेली हवीच असेल तर गोष्ट वेगळी, पण ती मुद्दाम हललेली असावी. भाद्रपदाचा पहिला दिवस असतो, पावसाचा भरवसा नाही, म्हणून खिशात एक प्लास्टिकची पिशवी आणि रबर.

उजेडाचा हिशेबही प्रामाणिकपणे सांगतो, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. २४ ची जी स्वस्त, बिस्किटासारखी चपटी लेन्स दुकानदारानं दाखवली असेल ती एफ २.८ ची. ‘प्राईम म्हणजे अंधारात भारी’ ह्या समजुतीनं घेत असाल तर थोडी निराशा होईल. तुमची किट लेन्स १८ वर चारला सुरू होते आणि झूम करत गेलात की आणखी बंद होत जाते. समजा २४ वर ती साडेचार आहे आणि ट्यूबलाइटच्या खोलीत तुम्हाला शटर साठ मिळतंय. त्याच आयएसओवर (सेन्सरची उजेड पकडायची ताकद तीच ठेवून) २.८ नं ते दीडशे-एकशेसाठच्या आसपास जाईल. साठवर हळद लावणारा हात हलतो, दीडशेवर बऱ्यापैकी थांबतो. फायदा खरा आहे, पण जादू नाही. आणि एक उलटी बाजू: किट लेन्समध्ये हात हलण्यावर उपाय म्हणून आयएस असतं, ह्या २४ मध्ये ते नाही. स्थिर गोष्टींसाठी, म्हणजे देवघर, रांगोळी, रात्रीची रिकामी गल्ली, किट लेन्स तिला सहज टक्कर देते. माणसं हलत असतील तेव्हा प्राईम पुढं.

मग १.८ ची २८ का नको? घेता आली तर कोण नको म्हणेल. उजेड २.८ च्या जवळपास अडीच पट. पण खोलीत तिचा उपयोग तुम्हाला वाटतो तेवढा होत नाही. पाच फुटांवरून १.८ वर फोकस घेतलात तर नीट दिसणारी जागा जेमतेम वीतभर. नवरीचे डोळे आले, हळद लावणाऱ्या आजीचा चेहरा गेला. २४ वर, २.८ ला, त्याच अंतरावर हातभर जागा मिळते. वीत आणि हात, हा फरक लक्षात ठेवा. घरच्या फोटोत एकापेक्षा जास्त माणसं असतात आणि ती कधीच एका रेघेत बसत नाहीत. १.८ ची लेन्स घेऊनही खोलीत मी बहुतेक वेळा २.८ किंवा ३.५ वरच असतो, त्या उघड्या ॲपर्चरचे पैसे लग्नात दोन-तीन वेळा वसूल होतात. पार्श्वभूमी धूसर करायची हौस असेल तर त्याला तुमची ५० जास्त लायक आहे.

एवढं सगळं वाचून लगेच बर्डीला निघू नका. आधी एक काम करा, फुकटातलं आहे. किट लेन्सच्या रिंगवर १८, २४, ३५ असे आकडे आहेत. रिंग २४ वर आणा आणि मेडिकलमध्ये मिळते ती कागदी टेप लावून टाका. सेलोटेप नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक वितळून रिंगला बसतो. आठ दिवस फक्त २४. घरात, स्वयंपाकघरात, इतवारीत, जिथं जाल तिथं. मग टेप काढून आठ दिवस ३५ वर. उजेड कमी मिळेल, पण चौकट नेमकी तीच मिळते आणि सध्या तुम्हाला चौकटच शोधायची आहे. २४ वर हात सारखा रिंगकडे जातोय, आणि तोही आणखी वाइड करायला, असं झालं तर २४ तुम्हाला पुरणार नाही. अशा माणसाला मी प्राईम न घेता १०-१८ ची झूम सुचवतो, कारण कॅननच्या डीएसएलआरला १८ च्या आसपास खिशाला झेपेल अशी प्राईम नाही. उलट ३५ वर निवांत वाटलं आणि घरातही तुम्ही दारातून, खिडकीतून जागा काढायला शिकलात, तर २८ तुम्हाला आरामात पुरेल, मित्राचं ऐका.

कोणी सांगेल की एवढं कशाला, जुन्या फोटोंची फोकल लेंथ, म्हणजे हाच एमएमचा आकडा, तपासा. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडून त्या माहितीचा कॉलम लावता येतो, खरं आहे. पण किट लेन्सवर आपण सगळे रिंग एका टोकाला नाहीतर दुसऱ्या टोकाला फिरवतो. त्यामुळे आकडे निघतात १८ आणि ५५, आणि त्यातून कळतं एवढंच की रिंग दोन्हीकडे फिरते. टेपवाली चाचणी जास्त खरं बोलते.

माझ्या मते तुमच्यासाठी, तुम्ही सांगितलेल्या कामासाठी, कॅननची ती चपटी ईएफ-एस २४ एफ २.८ एसटीएम. घर आणि मारबत दोन्हीकडे चालते, वजन सव्वाशे ग्रॅम, बॉडीवर लावलेली आहे हेही विसरायला होतं. जवळचा फोकस १६ सेंटीमीटरपासून, म्हणजे मेंदीचा हात, ताटातली पुरणपोळी, लेकराच्या पायातले वाळे, सगळं जमतं. आणखी एक फायदा पुस्तकात सापडत नाही: एवढीशी लेन्स बघून लोक सावध होत नाहीत. मोठी लेन्स दिसली की आपल्याकडं आजी लगेच पदर सारखा करून फोटोला बसल्यासारखी बसते. २४ लावली की ती पापड लाटत राहते.

‘पुढं फुल फ्रेम घेतली तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कोणीतरी विचारेलच. ही लेन्स क्रॉपसाठीच बनलेली आहे. कॅननच्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर ॲडाप्टर लावून चालते, पण फुल फ्रेम मिररलेसवर कॅमेरा आपोआप चित्र कापून घेतो. फुल फ्रेम पुढच्या सहा महिन्यांत नक्की येणार असेल तर थांबा. ‘कधीतरी घेऊ’ एवढंच असेल तर आज हातात असलेल्या कॅमेऱ्यासाठी लेन्स घ्या. हा ‘कधीतरी’ माझ्याकडे सात वर्षं लांबला होता.

कॅननचं लक्ष आता मिररलेसकडं वळलं आहे, तेव्हा तुम्हाला जुन्या बाजारात घ्यायची वेळ येऊ शकते. त्यात भिण्यासारखं काही नाही, बघून घ्या एवढंच. मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूनं मारून समोरून काचेत बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, हात जोडून परत द्या. मग वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा आणि कॅमेरा त्याच्यासमोर अगदी सरळ धरून २.८ वर फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून वाचा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणार, ते चालतं. चारही सारखेच मऊ हवेत. तीन वाचता येतात आणि चौथ्यात अक्षरांचा चिखल झालाय, तर ती लेन्स कधीतरी पडलेली आहे. विकणारा काहीही म्हणो.

दोन गोष्टी २००डी च्या. त्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीत पूर्ण फोटो दिसत नाही, साधारण ९५ टक्केच दिसतो. ५० वर हे जाणवत नाही. वाइडवर मात्र घरी आल्यावर कडेला कोणाची तरी चप्पल, नाहीतर बोलावणं नसलेला पाहुणा सापडतो. ग्रुप घेताना एकदा स्क्रीनवर बघून कडा तपासत जा. आणि २४ ला हूड, म्हणजे काचेसमोर आडोसा करणारी कड, लावा, लॉनवरच्या लग्नातले दिवे तिरके काचेवर आले की सगळ्या फोटोवर दुधासारखी साय चढते.

शेवटी बुरशीचं, कारण ह्यात मी स्वतः शिकलोय. सगळे म्हणतात लेन्सला पावसाळ्यात जपा. माझी एक २८ उन्हाळ्यात गेली. नागपूरचा मे, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस, हवा कोरडी ठणठणीत, म्हणून मी निर्धास्त. पण लेन्सची बॅग होती कूलरच्या खोलीतल्या कपाटात. कूलर दिवसरात्र त्या खोलीत पाणीच फेकत असतो. कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, माझ्या लक्षात जुलैमध्ये आलं, पहिल्या फोटोत. तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कूलर नसलेल्या खोलीत. पुड्यांमधले रंगीत दाणे निळ्याचे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घेतो. ती कढई वेगळी ठेवा, घरात त्यावरून एकदा चांगलंच महाभारत झालंय.